घडी

तुझ्याकडे यायचंच नव्हतं मला.
जायचं होतं लिस्बनला.
त्यांनी पासपोर्ट परत पाठवला,
कारणाच्या रकान्यात नुसती फुली.
तुझा शिक्का मात्र आधीचाच पडून होता,
ऑफिसच्या एका न झालेल्या कामाचा.
रजा मंजूर, पैसे भरलेले,
म्हणून आले –
पहिली पंगत हुकल्यावर
उरलेल्या पानावर बसावं, तशी.

आणि रिकाम्या हातानं नाही आले.
चार इयत्तांचा इतिहास होता सोबत,
आणि पाणचट चहाला शेवटपर्यंत
‘साहेबाचा चहा’ म्हणणारे आजोबा.
मनात म्हटलं, बघू, काय काय परत करतोस.

मोरकम.
नावात मोर, गावात सीगल.
पहिल्याच संध्याकाळी एकानं
हातातला बटाटा पळवला.
म्हटलं, चला, सवय गेली नाही तुझी.

समुद्र बघायला गेले, तर समुद्रच नाही.
नजर पोचेल तिथवर ओली राखाडी वाळू
आणि एक पाटी: पुढे जाऊ नये, पाय रुततात.
इथे समुद्रसुद्धा दुपारचा घरी नसतो.

थ्रेलफॉलबाईंच्या लॉजवर
टोस्ट गार करायला खास स्टँड.
माझ्या टेबलाला दोन खुर्च्या.
दुसरीवर मी पर्स ठेवायचे.

बसमधून उतरताना प्रत्येकजण
ड्रायव्हरला ‘चीअर्स’ म्हणतो.
पोरंसोरं, काठी टेकणारे, कानात वायर घातलेले,
सगळे. जसं काही त्यानं ओळखीखातर आणून सोडलंय.
मी चार दिवस नुसतीच उतरले.
पाचव्या दिवशी तोंडातून निघून गेलं.
फुटपाथवर उभी राहून
स्वतःचाच राग आला जरा.

सहाव्या रात्री चहा सांडला
आईच्या पातळावर.
नेसायला नव्हतं आणलं, पांघरायला;
परक्या गादीवर डोळा लागावा म्हणून.

लाँड्रीत मी आणि एक म्हातारा.
मशीन थांबलं. मी एक टोक दातात धरलं,
एक हनुवटीखाली, आणि पाच वार सुती कापड
फरशीला लागू नये म्हणून
टाचा उंचावून उभी.
घडी घालायला दोन माणसं लागतात,
हे निघताना कुणी सांगत नाही.

तो उठला.
काही न विचारता खाली लोंबणारं टोक उचललं
आणि मागे मागे सरकत गेला
वॉशिंग पावडरच्या यंत्रापर्यंत.
“हे संपतं कुठे?” त्यानं विचारलं.
मग म्हणाला, “ताण.”
ताणलं.
काठाला काठ लावला. झटकलं.
तो चार पावलं पुढे आला, मी चार,
त्याची टोकं माझ्या हातात आली,
तो वाकला, नवी कड उचलली, परत मागे.
क्लिफर्ड नाव. उभा जन्म कोळंबीच्या जाळ्यात गेलेला.
बोटं सुजट, पण एक सुरकुती राहू दिली नाही.
“बायको गेल्यापासून,” तो म्हणाला,
“चादरी मी एकटाच बोळा करून ठेवतो.”
एवढंच. मग आपल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसला.

बाहेर आले, तर समुद्र घरी आला होता.
पार भिंतीपर्यंत.
मी घडी पोटाशी धरून
शेवटची बस जाईपर्यंत बसले.

आता सांगलीत आहे.
तक्रारी होत्या तशाच आहेत;
क्लिफर्डनं काही कर्ज फेडलेलं नाही तुझं,
आणि त्यानं ते काढलेलंही नव्हतं.
फक्त आम्ही काठ आत घालतो,
त्यानं बाहेर ठेवलाय.

परवा थंडी पडली.
कपाट उघडलं, हात लावला,
आणि दुसरं पांघरूण काढलं.